पोटरी बरी होईपर्यंत

३ जून
पोटरीचा स्नायू फाटला. तळ्याला फेरी मारताना, बोटक्लबसमोर. लॉरी म्हणतो, फटाका फुटल्यासारखा आवाज आला. अतिशयोक्ती. त्यानेच धरून घरी आणलं. फिजिओ टेगन म्हणाली, "डेस, ऑगस्टपर्यंत पळायचं नाव काढायचं नाही." पोरगी नवी आहे. जुलैत पळेन.

५ जून
लॉरी एकटाच गेला. शेजारीच राहतो, फाटकाचा आवाज येतो. माझी बायको ग्लेनिस वारली त्या आठवड्यापासून त्याने मला एक सकाळ घरी बसू दिलं नव्हतं. शिट्टी मारायचा, मी बूट घालायचो. आता बिचाऱ्याला सोबत नाही. लवकर बरं व्हायला हवं. त्याच्यासाठी.

११ जून
संकल्प: पाण्यात पळणे. पोहण्याच्या तलावात, कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्याउभ्या पळायचं. बाजूला आज्ज्यांचा व्यायामाचा वर्ग. एकीने मला मागे टाकलं, तेही गप्पा मारत. माझा पट्टा सैल होता.

१९ जून
पोहण्याच्या तलावावर लॉरीची बायको बेव्ह भेटली. "लॉरी बोलला का तुझ्याशी?"
कशाबद्दल, विचारलं.
"त्यालाच विचार."
पळण्याबद्दलच असणार. माझ्याशिवाय वेग मंदावला असेल. सांगायला लाजतोय.

२७ जून
लॉरीने घर रंगवायला काढलंय. ऑस्ट्रेलियात जून म्हणजे हिवाळा, त्यातून बॅलरॅटचा. अक्कल. शेडमधली खोकी बाहेर, शर्यतींची पदकंसुद्धा. "हवी ती घे," म्हणाला. म्हटलं, पोटरी बरी होऊ दे, नवी मिळवू. कपाळ चोळत बसला. रंगाच्या वासाने डोकं दुखत असेल.

६ जुलै
लॉरी चहाला आला. कप हातात तसाच धरून बसला.
"डेस, आम्ही टाउन्सव्हिलला जातोय. मुलीकडे. बेव्हच्या सांध्यांना ही थंडी सोसत नाही."
"किती दिवस?"
"घर विकतोय रे."
हिवाळ्यापुरतं असणार. पुष्कळ लोक हिवाळ्यात तिकडे उत्तरेला, उबेला जातात. घर विकणं वगैरे बोलायच्या गोष्टी. तरी सराव वाढवायला हवा.

१५ जुलै
अंगणातून कोपऱ्यापर्यंत पळून पाहिलं. कुणाला न सांगता. थोडं ओढलं. बर्फ लावला.
टेगनने पोटरीला हात लावताच ओळखलं. "पळलात ना?" मांजर आडवं आलं, सांगितलं. "एवढी घाई कसली आहे तुम्हाला?"
मोजा वर ओढला. प्रश्न वैद्यकीय नव्हता.

२ ऑगस्ट
लॉरीच्या घरावर 'विकले' अशी पट्टी लागली. पुढच्या शनिवारी निघतायत.
योजना: शनिवारी सकाळी दोघांनी पूर्ण फेरी. मला पळताना पाहिलं की काय सोडून चाललोय ते त्याला कळेल. असे व्यवहार रद्दही करता येत असतील. चौकशी करायची.

९ ऑगस्ट, शनिवार
लॉरी म्हणाला, "आज चालू या. बोलत बोलत."
मी पळालो. छान पळत होतो. विलोच्या झाडांपाशी पोटरी गेली, परत तीच. लॉरी मागून पळत आला, काखेत हात घालून बाकावर बसवलं. समोर काळे हंस. थंडी मरणाची.
"जूनपासून सांगायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "तू ऐकूनच घेत नव्हतास."
म्हटलं, घड्याळ थांबव, नाहीतर फेरीची वेळ खराब येईल.
त्याने मनगटाकडे पाहिलं. घड्याळ सामानात गेलं होतं.
बेव्ह गाडी घेऊन आली. मला दारात उतरवलं. लॉरीने माझा हात धरला, सोडेना. बेव्हने हळूच हॉर्न वाजवला.
"फेरी सप्टेंबरात पुरी करू," म्हटलं.
"करू," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

२१ ऑगस्ट
टेगन म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
पोहण्याच्या तलावावर गेलो नाही. हीटर बंद असतो त्यांचा.
शेजारी नवं बिऱ्हाड आलं. तरुण जोडपं. संध्याकाळी बाईने कुंपणावरून विचारलं, "इथे सकाळी कुणी तळ्यावर पळायला जातं का? सोबत हवी होती."
"दोघं जायचे," म्हटलं.
"मग आता?"
पोटरीवर फार वेळ उभं राहवत नाही. आत आलो.