उशीजवळची डबी

३ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, दादा परत बोलणार!" मी हसले. दुसरं काय करणार? पक्षाघाताने नवऱ्याची वाचा गेली, हातपाय गेले, तेव्हापासून मी स्वयंपाकघरात मोठ्याने गाते — हे कुणाला सांगू? लग्न झाल्यापासून याच्या तोंडाचा पट्टा ऐकत आले. आता पुन्हा तेच!

१९ फेब्रुवारी
इस्पितळाकडून एक इंजिनिअर मुलगी घरी आली. याच्या कवटीखाली नखाएवढी चकती बसवली आहे. मनातलं बोलणं ती मेंदूतच पकडते आणि वायरशिवाय उशीजवळच्या डबीकडे पाठवते. डबी बोलते. "काकू, डबी डोक्यापासून वीतभरच हवी हं. लांब गेली की बोलणं बंद."
नीट ऐकून घेतलं!

२ मार्च
पहिलं वाक्य. भाऊजी हात जोडून उभे, मुलीने श्वास रोखलेला. डबी म्हणाली, "पडदा ओढ. किती वेळा सांगायचं?"

४ मार्च
आवाज परका, स्वभाव तोच. उशी उंच. जेवण अळणी. "तुला एक काम धड जमत नाही." अंगाला हात लावून पुसते मी, भरवते मी — आणि वर हे!

५ मार्च
दुपारी डबी उचलली आणि खिडकीत ठेवली. शांतता! डोळे वटारून बघत होता. म्हटलं, बघा हवं तेवढं. बाहेरच्या खोलीत जाऊन मस्त झोपले.

१२ मार्च
आता रोज दुपारी. अजिबात वाईट वाटत नाही.

२० मार्च
भाऊजी आणि ती मुलगी न सांगता हजर. दुपारी संपर्क तुटतो, हे तिला तिकडे बसून दिसतं म्हणे! "काकू, डबी कुणी हलवतं का?" भाऊजींची नजर बदलली. "वहिनी?"
तेवढ्यात डबी बोलली — "मीच हलवायला सांगतो. डोकं दुखतं."
दोघं गेल्यावर त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "तुमचे उपकार नकोत मला!"

२१ मार्च
दुपारी डबी उचलायला गेले, तर म्हणाली, "ने. पण खोलीतच बस. एकट्याला भीती वाटते."
डबी खिडकीत ठेवली आहे. मी इथेच बसून लिहिते आहे.