चारशे तुकडे आणि मामी

ता. ३ मार्च

चि. टिटवीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी फिल्म पाहिली. तीन मिनिटांत चारशे तुकडे आहेत असं तू अभिमानाने लिहिलंस. सुई, पंखा, माझं टक्कल, परत सुई. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना मोठ्या कौतुकाने दाखवली, तर त्यांनी टीव्ही दुरुस्त करून घ्या असं सुचवलं.

प्रयोग आहे, असू दे. पण तुझी मामी त्यात अर्धा सेकंद दिसते. ती जाऊन पाच महिने झाले, तिचं हलतं चित्र दुसरं कुठलं नाही. थांबवून बघायला गेलो तर चेहरा पुसट. दोन दिवस दुकानात कॅमेरा लावून एवढीच मामी ठेवलीस? चाळीस वर्षं कापड कापतोय, पण पाच मीटर घेऊन गिऱ्हाइकाच्या हातात रुमाल ठेवला नाही. उरलेली मामी असेल तर पाठव. इथे मशीनही बिनसलंय, टिपा वाकड्या पडतात.

तुझा मामा


ता. ९ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

टोमणे पोचले, आशीर्वाद त्यांच्याखाली सापडले. परीक्षकांनी याच फिल्मला धाडसी म्हटलंय, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टीव्हीच तपासावा.

उरलेलं चित्रण पुसून टाक, असं सगळे सांगत होते. पण कपडा अंगावर नीट बसेपर्यंत कातरणं फेकायची नाहीत, हे तुझ्याच दुकानात शिकले. आपण चहाला गेलो तेव्हा कॅमेरा चालूच राहिला होता. ती अकरा मिनिटं मी बिनकामाची समजून कधी पाहिलीच नव्हती. काल पाहिली. न कापता पाठवतेय. राग आला तर माझ्यावर काढ, मामीवर नको.

टोमण्यांसकट माया असू दे.

तुझी टिटवी


ता. १६ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

तीनदा पाहिली. आपली पाठ वळताच ती उठली, मी शिवलेला शर्ट घेतला, माझी वाकडी टीप उसवून सरळ घातली आणि जागच्या जागी ठेवला. हात इतका सराईत की ही रोजचीच गोष्ट असणार. आणि मी शहाणा, परत येऊन तुला तीच टीप दाखवत, या वयातही माझी नजर पाहा म्हणून मिरवतोय. ती मान खाली घालून हसतेय. चांगली लांब हसतेय. फार आठवण येते गं तिची.

मशीन बिचारं ठीक आहे. उद्या चष्म्याचा नंबर काढायला जातो. ही अकरा मिनिटं खुशाल सगळ्यांना दाखव, माझी शोभा झाली तरी चालेल. फक्त कात्री लावू नकोस.

तुझा आंधळा मामा