तिचं तिला ठरवू दे

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज भर दुपारी हातातलं काम टाकून मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. मरोळच्या आमच्या निवारा केंद्रातून एक मुलगी आत्ता नवऱ्याकडे परत गेली. हाताचं प्लास्टर अजून निघालेलं नाही, आणि ज्यानं तो हात मोडला त्याच्याकडेच गेली. सकाळपासून मी तिला अडवत होते. शेवटी, तिची पिशवी ज्या कपाटात होती त्याची चावी सापडत नाही, असं तिला सांगितलं. चावी माझ्या पर्समध्ये होती.

वर्गात तुम्ही समाजकार्याचा इतिहास शिकवायचात तेव्हा मला फार कंटाळा यायचा. गरिबांच्या दारात जाऊन मदतीला लायक कोण हे ठरवणाऱ्या त्या भल्या घरच्या बायका, आणि मग हळूहळू कुणाच्या तरी डोक्यात पडलेला उजेड, की ज्याचं आयुष्य आहे त्यालाच विचारायला हवं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. खरं शिकले आरे कॉलनीतल्या एका स्वयंपाकघरात. तबेल्यात काम करणाऱ्याची बायको आपल्यासाठी चहा टाकते आहे, त्याच्या दारूपायी घरात काय काय होतं ते सांगते आहे, आणि मी मधेच म्हणते, "तुम्ही सरळ माहेरी निघून जा." तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवता. मग बसस्टॉपवर म्हणालात, "चहा उकळायच्या आत तिचं आयुष्य ठरवून मोकळी झालीस? तिचं तिला ठरवू दे गं. आपण ऐकायचं, वाटा दाखवायच्या आणि दार उघडं ठेवायचं." तेव्हापासून मी हेच करत आले, शिकायला येणाऱ्या मुलींनाही हेच सांगते.

आज मात्र जमेना. तिला विचारलं, "परत मारलं तर?" ती म्हणाली, "तर येईन ना ताई. तुम्हीच बोललात, कधीपण ये." पोलिसांचं सांगून झालं, तिच्या आईला फोन लावून देते म्हटलं. ती बाकावरून उठली, माझ्या पर्सकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "राहू दे पिशवी. तो नाक्यावर थांबलाय." मी चावी काढेपर्यंत ती जिना उतरून गेली होती. आता त्यानं पुन्हा हात उचलला तर ती माझ्याकडे कशाला येईल? आणि मला राग तुमचाच येतो आहे. दार उघडं ठेवायला सांगितलंत, पण आत बसून वाट बघणाऱ्याच्या जिवाची कशी घालमेल होते, ते कधी बोलला नाहीत.

हे कुठे धाडायचं नाहीच, वाचून फाडून टाकीन. केंद्रात मी सगळ्यांना सांगते आहे की पिशवीसाठी तरी ती येईल. तुम्हाला मात्र खरं सांगते. मला बरोबर ठरायचंय, बाई. आणि मी बरोबर ठरायची, तर त्यानं तिला पुन्हा मारायला हवं.