गेटपोस्ट बॉइजचा अल्बम आणि अम्माचे मिस्ड कॉल

रविवार, २ नोव्हेंबर

गेटपोस्ट बॉइजचा नवा अल्बम आला! सकाळी ऑफिसात शिरतानाच मोबाइलवर कळलं. दिवसभर कामात लक्ष नाही. दोन वेगळ्या शिपमेंटवर एकच कंटेनर नंबर टाकला. अकाउंट्सच्या पूर्णिमानं पकडलं म्हणून निभावलं. एवढे खूश का, विचारलं तिनं. सांगितलं. कंट्री म्हणजे देशभक्तीची गाणी का, म्हणाली. पुण्याची आहे, पण या बाबतीत शून्य. समजावलं : कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यातली गाणी. शेत, ट्रक, कुत्रा, आई. आणि हे पाच जण ती वाद्यांशिवाय गातात. गिटार तोंडानं, ढोल तोंडानं. ती म्हणाली, म्हणजे सामान न्यायचा त्रास नाही.

संकल्प : या अल्बमवर इंग्लिशमध्ये एक अप्रिसिएशन लिहिणार. त्यांच्या वेबसाइटवर चाहत्यांचं पान आहे. टेक्सासचे आहेत, कॅनडाचे आहेत, एक जपानी आहे. मी राहतो त्या बहारीनचा कोणी नाही. मूळ गाव रत्नागिरी जिल्हा, असा तर नाहीच नाही. मुदत, महिनाअखेर.

गावाहून अम्माचा फोन आला होता दुपारी. ट्रेलर ऐकत होतो. उद्या करू.

सोमवार, ३ नोव्हेंबर

घरी ऐकायचा प्रयत्न केला. अशक्य. लेकीची, अल्फियाची, टेस्ट; बायकोचा, अख्तरचा, मिक्सर. त्यात मी सर्वात खालचा आवाज धरून गुणगुणत होतो (माझा आवाज जात्याच बेस आहे, कोणी कधी लक्ष दिलं नाही इतकंच). अख्तर किचनमधून ओरडली, पंपाची मोटर चालू राहिलीय का बघा. अल्फिया म्हणाली, Abba, please.

या अल्बमला एकांत हवा.

अम्माला फोन राहिला. उद्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आयडिया! कंट्री म्युझिक कंट्रीत ऐकायला हवं. माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर ते कसं पोचणार? बहारीनमध्ये कंट्री म्हणजे बुदैया, शेतांचा भाग. ऑफिस सुटल्यावर सरळ तिकडे. हायवे सोडून आत एक शेताची भिंत सापडली. मागे खजूर, शेणाचा वास, कुठेतरी गाढव. गाडी लावली, काच खाली केली.

अख्तरला कळवलं, ओव्हरटाइम आहे. हे खोटं नाही. अप्रिसिएशन हे कामच आहे आणि ते ऑफिसच्या वेळेनंतर चाललंय.

चौथं गाणं म्हणजे अल्बमचा प्राण. पोरगा शहरात, आई गावी किचनमधल्या फोनशेजारी. तो दर वेळी म्हणतो, पुढच्या संडेला नक्की. सुरुवात बिग डेल, त्या पाचांतला बेस आवाजवाला, एकटा करतो. काय आवाज! गाडीच्या ड्रॉवरचं झाकण थरथरलं. मी रडलो. लाज नाही. काच पुसायच्या फडक्यानं डोळे पुसले.

नेमका डेलचा शेवटचा खालचा सूर येणार, तेवढ्यात अम्माचा फोन. कट केला. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज टाकला. लय तुटली म्हणून गाणं पुन्हा सुरुवातीपासून ऐकावं लागलं. मग लक्षात आलं, इथे सात म्हणजे तिकडे साडेनऊ. झोपली असेल. उगाच झोपमोड नको.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सुट्टी, आज फोन नक्की. पण जुम्मा, मग बिर्याणी, मग डोळा लागला.

मात्र एक विचार केला. गाण्यात संडे आहे. अमेरिकेत संडेला सुट्टी. इथे बहारीनमध्ये संडे वर्किंग. त्यामुळे त्या गाण्यातल्या पोराचा गुन्हा मला जसाच्या तसा लागू होत नाही. हा मुद्दा अप्रिसिएशनमध्ये घ्यावा का? बघू.

तरी सबंध दिवस आत काहीतरी टोचत होतं. बिर्याणीत तिखट जास्त झालं असेल.

सोमवार, १० नोव्हेंबर

अख्तर आता ओव्हरटाइमसाठी वेगळा डबा देते. तांदळाची भाकरी, तळलेला बांगडा. भिंतीशी गाडीत बसून खाल्ला. बांगडा इतका चांगला झाला होता की घास घशाखाली उतरेना. तरी सगळा संपवला. ठेवून परत नेला असता तर तिला वाईट वाटलं असतं.

घरी पोचलो तर अल्फियानं न सांगता पाणी आणून दिलं. You look tired, Abba, म्हणाली. आईनं तिला सांगितलंय म्हणे, बघ, अब्बा तुझ्यासाठी किती राबतो. पोरीच्या नजरेला नजर देववेना. 

संकल्प : उद्या अख्तरला खरं सांगून टाकायचं. खलास.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाही सांगितलं. ती चांगल्या मूडमध्ये होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिखाण सुरू! अख्तर आणि अल्फिया मॉलला गेल्या, घर रिकामं. पहिलं वाक्य : आय ॲम अ सन. दोन वेळा वाचलं, दोन्ही वेळा काटा आला. मग लिहिलं की हे गाणं ऐकताना मला माझी आई दिसते. गावी, पडवीत, मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली, डोळे वाटेकडे.

तेवढ्यात अम्माचाच फोन! काय योग! पण उचलला असता तर ती गावाकडच्या गप्पा सुरू करणार, डोळ्यांपुढचं चित्र मोडणार. वाजू दिला. शांतता झाली, मग फार छान परिच्छेद उतरला.

नंतर नाझिशचा व्हॉइस मेसेज. नाझिश म्हणजे माझी पुतणी, नवऱ्याबरोबर अम्माच्या शेजारीच राहते. "चाचा, दादी विचारते, तुम्हाला फुरसत कधी? पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय ती..." पुढे कोंबडा आरवला आणि मी बंद केला. उत्तर पाठवलं, इंशाल्ला उद्या.

अम्माचं पाच मिनिटांचं काम म्हणजे पलीकडच्या शेजाऱ्यांशी कुंपणाचं भांडण. दर वर्षी असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज फार वाईट झालं. लिहून काढतो, म्हणजे हलकं वाटेल.

भिंतीशी चौथं गाणं चालू होतं, माझे डोळे वाहत होते. काचेवर टकटक. काच खाली केली. शेताचा मालक, म्हातारा बहारीनी, हातात पाण्याचा पाइप. मोडक्या हिंदीत म्हणाला, "क्यूं रोता, सदीक? रोज इधर रोता." सदीक म्हणजे दोस्त. म्हणजे रोज बघत होता! काय सांगू? गाण्यात आई आहे म्हणून, हे हिंदीत जुळवेपर्यंत त्यानंच विचारलं, "माँ?"

मी मान हलवली.

त्यानं पाइप खाली टाकला. खिडकीतून हात आत घालून माझा खांदा धरला आणि म्हणाला, "अल्ला यरहमहा." अल्ला तिच्यावर रहम करो. हे गेलेल्या माणसासाठी म्हणतात. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही, ती आहे, धडधाकट आहे, आत्ता गावी झोपली असेल. पण त्याचेच डोळे भरले होते. त्याचीही गेल्या वर्षीच गेली म्हणे. तो तिच्याबद्दल बोलत राहिला, मी मान हलवत राहिलो. मागे बिग डेल चालूच. गाणं बंद करायचंही सुचलं नाही.

जाताना त्यानं खजुरांची पिशवी दिली आणि मुळ्याची जुडी. नाव हमीद म्हणाला. कधीही ये, इथे बस, कोणी काही म्हणणार नाही.

हायवेला लागल्याबरोबर गाडी बाजूला घेतली आणि अम्माला फोन लावला.  रिंग गेली, गेली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

असो. मी फोन केला होता, हे तिच्या मोबाइलवर दिसेलच.

घरी खजूर दिले. ऑफिसात वाटले, असं सांगितलं. अख्तर म्हणाली, आणि मुळा?

गुरुवार, २० नोव्हेंबर

बुदैया बंद. हमीदला तोंड दाखवायची हिंमत नाही. आता जुफैरला ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये ऐकतो. सिमेंटमुळे बेस घुमतो चांगला, पण कंट्री वाटत नाही. एक्झॉस्ट फॅन वाटतो.

खजूर फार गोड आहेत. मी खात नाही. एक खाल्ला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अप्रिसिएशन पूर्ण! मुदतीच्या आधी! पाठवण्यापूर्वी पूर्णिमाला वाचायला दिलं, स्पेलिंगसाठी. ती वाचत असताना मी प्रिंटरशी काम असल्यासारखा उभा. वाचून झाल्यावर ती उठली. मोबाइल घेऊन पॅन्ट्रीत गेली. बऱ्याच वेळानं आली, नाक लाल. म्हणाली, "नझीरभाई, वाचून राहवलं नाही. पुण्याला आईला फोन केला. बोलतच बसलो."

याला म्हणतात लेखन! माझ्या शब्दांनी एका लेकीनं आईला फोन केला. दिवसभर तरंगत होतो. संध्याकाळी पाठवून दिलं.

पूर्णिमानं निघताना विचारलं, तुमची आई खूश असेल ना, असा मुलगा म्हणून? म्हटलं, अल्हमदुलिल्ला.

लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभा राहिलो. का, ते कळलं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उत्तर आलं! हाउडी नझीर, असं नावानिशी! तुमच्यासारख्या चाहत्यांमुळेच आम्ही आहोत, म्हणतात. खाली बारीक अक्षरात, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. बिझी असतील. तरी मी छोटंसं उत्तर पाठवलं. परत आलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चाहत्यांच्या पानावर माझं नाव! मात्र अप्रिसिएशनमधलं एकच वाक्य घेतलंय : डेलच्या आवाजानं माझ्या गाडीच्या ड्रॉवरचं झाकण थरथरलं. आईचा परिच्छेद नाही. आणि खाली लिहिलंय, नझीर, ब्राझील.

ठीक आहे. बहारीन, ब्राझील, सुरुवात दोन्हीकडे 'बी'नंच. माणसाच्या हातून होतं.

ही बातमी पहिली अम्माला द्यायची, असं मनात आलं. तिच्यामुळेच सगळं लिहिलं. लगेच लावला. नाझिशनं उचलला. मी सुरू झालो, ऐक, अमेरिकेत तुझ्या चाचाचं नाव... ती मधेच म्हणाली, "चाचा, हळू बोला, दादी आत्ताच आडवी झालीय. डोळ्याला पट्टी आहे."

कसली पट्टी?

मोतीबिंदूचं ऑपरेशन. परवा झालं, रत्नागिरीला. डॉक्टरांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, आता थांबू नका. पण दादी अडून बसली होती. "म्हणायची, नझीर हो म्हणाला की करते. एकदा त्याच्या तोंडून ऐकू दे. भीती वाटत होती तिला, चाचा. दुसरं काही नाही." शेवटी नाझिशच्या नवऱ्यानं, अर्शदनं सही केली. आत नेताना अम्मा मोबाइल सोडत नव्हती. सिस्टरनं हातातून काढून घेतला.

पुढे नाझिश काय म्हणाली ते नीट ऐकलं नाही. कोंबडा नव्हता मधे, तरी नाही.

बातमी सांगितली नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

अख्तरला सगळं सांगितलं. अल्बम, बुदैया, भिंत, हमीद, मुळा, सगळं. वाटलं होतं भांडेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "माझ्याशी खोटं बोललात, ते राहू दे. पण त्यांचा मलाही फोन आला होता. नझीर उचलत नाही, म्हणाल्या. मी सांगितलं, कामात बुडालेत, अम्मा, त्यांना त्रास देऊ नका. माझ्या तोंडून त्यांना खोटं सांगायला लावलंत."

हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली. कणीक तशीच.

अल्फियानं दारातून सगळं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा मराठीत बोलली : "दादीला फोन कर ना, अब्बा." मी म्हटलं, आता झोपली असेल. ती तिथेच उभी राहिली.

तरी नाही लावला. काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी ऑफिसला जायच्या आधी लावला. बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. पहिलं वाक्य : अम्मा, माझं चुकलं.

तिनंच उचलला. आवाज खणखणीत. मला बोलूच देईना. पट्टी काढलीय, काळा चष्मा दिलाय, काय सांगू तुला, सगळं लख्ख दिसतंय. घर किती घाण झालंय रे! वर ही एवढी जळमटं. नाझिश मला सांगायची, झाडलंय. कुठे झाडलंय? आणि तिच्या गालावर डाग पडलेत, पोरीनं सांगितलंसुद्धा नाही. मी हं, हं करत राहिलो. फोन उचलत नव्हतास, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "व्हिडिओ लाव. तुला बघू दे."

लावला. काळा चष्मा आधी स्क्रीनला टेकला, मग मागे गेला. तिनं तो कपाळावर चढवला. डोळा लाल होता, पाणी येत होतं. डॉक्टरांनी नको सांगितलं असणार, पण बघत राहिली. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. कागद हातात.

"किती म्हातारा झालास रे," म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, अम्मा. एवढंच. पुढे कागदावर होतं, पण अक्षरं हलत होती.

तिकडून नाझिशनं हाक मारली. अम्मा म्हणाली, "थेंब घालायची वेळ झाली. ठेवते हां."

आणि ठेवला.