माळ्यावरचा कुकर

साक्षी,

तुजा नवरा फोन आला की गच्चीवर पळतोय, हे वागणं मला पटत न्हाई. मी काय त्याच्या जर्मनीच्या सायबाचं बोलणं गावात वाटणार हाय व्हय?

मी वाईला राहीमावशीकडं चाललेय, उद्या सांजच्याला येईन. आपल्या कुकरची रिंग गेलीया. तुमचा कुकर माळ्यावर कोटांखाली दडवलाय, तो काढ नि भात लाव. तिकडं जाताना मीच दिला हुता, मला वळखू येतो. महिन्याच्या सुट्टीला कुणी कुकर संगं आणत न्हाई. वैशाखात पोरीचे थंडीचे कोटबी आणत न्हाई.

दोन वरसं मी गल्लीत तुमचे फोटो दाखवत हिंडले, ह्यो डोंगर नि त्यो समुद्र. आता राही पयलं हेच इचारंल, पोरं परत कवा जाणार? म्हणून मघाशी शंभू बाहेर निघाला तवा त्याला दारातच गाठलं. तो खाली बघत चप्पल शोधाय लागला. त्याला म्हणलं, "शंभ्या, नोकरी गेली म्हणून कुठली आई लेकाला घराबाहेर काढत न्हाई. पर आपल्याच घरात पाव्हणा म्हणून जेवलास, ही लबाडी मी इसरणार न्हाई."