न म्हटलेलं शेवटचं वाक्य

१३ डिसेंबर १९९८, रविवार. शिरूर
काल लिहिलेलं चूक आहे. दौंडच्या प्रयोगात पडदा लवकर पडला म्हणून शेवटचं वाक्य राहिलं, असं लिहिलं. पडदा उघडाच होता. मी म्हटलं नाही.

शिरूरला कॉलेजात याच वाक्यावर शिट्ट्या झाल्या होत्या. नाटकात सून (म्हणजे मी) अंगात देवी आणून सासरच्यांना सुनावते, सगळे पाया पडतात. मग ती केस बांधते आणि म्हणते, "माझ्या अंगात कुणी नाही. मीच बोलत होते." मागून पोरं ओरडली, "बंद करा नाटक!"

दौंडला उलटंच. हलगी वाजली, मी घुमायला लागले, आणि पुढच्या बायका चपला काढून थेट स्टेजवर. माझ्या कपाळभर कुंकू. हळद डोळ्यात. एकीनं पाय धरले. "आई, लेकीला नांदायला धाडू का? लय मारत्यात."
मी म्हटलं, "धाडू नको."
हे संहितेत नव्हतं. नंतर ते वाक्य तोंडातून निघेना.

१४, सोम.
दिग्दर्शक सर खूश. म्हटलं, सर, त्यांना हे नाटक वाटलंच नाही. "वाटलं असतं तर इथल्यासारख्या शिट्ट्या मिळाल्या असत्या."
शबाना (नाटकातली माझी सासू) चिडवते : "देवी, एसटीत खिडकी मिळंल का तेवढं बघा."

१५, मंगळ.
शबानाची खाला पाटसला राहते. पाय धरणारी ती बाई खालाच्याच गल्लीतली, पारूबाई. शुक्रवारी जावई लेकीला न्यायला येणार. पारूबाईनं भावकीला सांगितलंय, देवीनं अडवलंय. भावकीनं मानलंय.
शबाना आज चिडवत नव्हती. "तू खरं सांगितलंस तर त्या पोरीचं काय?"


१६, बुध.
आप्पांना (वडिलांना) सांगितलं. मेंढरांमागं फिरताना त्यांनीच मला पाटीवर लिहायला शिकवलं. चुकलेली ओळ पुसू द्यायचे नाहीत, खाली बरोबर लिहायला लावायचे.
तंबाखू मळत म्हणाले, "पोरगी धाडू नगं, हे खोटं हाय का?"
"न्हाई. पण ते मी सांगितलं, देवीनं न्हाई."
"तुझं कोण ऐकतंय?"
आमच्या नाटकात हेच आहे. आप्पांनी ते पाहिलेलं नाही.

गप्प बसले तर पारूबाई फसली. सांगितलं आणि तिनं पोरीला धाडलं, तर...
"धाडू नका" हे मागं घ्यायचं नाही. माझ्या नावानं पुन्हा म्हणायचं. ऐकेल का, माहीत नाही.
उद्या, गुरुवार १७. सकाळची दौंड गाडी, पाटसला उतरायचं. केस बांधून.