दुमडलेल्या कानांचा सम्राट

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी नुसता मांजर पाळणारा नाही, ब्रीडर आहे. घरात राणी आहेच. दुमडलेले कान, बटणासारखे डोळे. मेहुण्याचा बोका थोडे दिवस पाहुणा आला आहे. त्याचेही कान दुमडलेले. एकाचे कान दुमडलेले असतील तर निम्मी पिल्ले तशी होतात. मग दोघांचेही असले तर सगळीच! इतके साधे गणित आजवर कुणाला सुचले नाही याचे नवल वाटते. पण पंपाच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळणाऱ्याची नजरच वेगळी.
हिचे म्हणणे, आधी डॉक्टरीणबाईंना विचारा.

६ जानेवारी
विचारले. त्या म्हणाल्या, असल्या मांजरीला बोका सरळ कानांचाच हवा. कान दुमडतो तोच मुळी कूर्चेतल्या दोषामुळे. दोन्हीकडून दोष आला तर पिल्लांची हाडे बिघडतात, जन्मभर दुखतात. मग विचारले, तुमचा बोका कसा आहे?
सरळ कानांचा, असे मी म्हणालो. हे अगदीच खोटे नाही. बोका झोपला की त्याचा डावा कान थोडा उठतो. तरी घरी येईपर्यंत माझेच कान तापले होते.
संकल्प : बोका उद्या परत.

८ जानेवारी
बोका अजून आहे. मेहुण्याची गाडी गॅरेजमध्ये. त्यात आज जे व्हायचे ते होऊन गेले. आता बोलून काय उपयोग?

२ फेब्रुवारी
दारावर लावायला लांब फळी रंगवून घेतली. ‘शुद्ध दुमडकान मांजरे. वंशाची खात्री.’ खाली माझे नाव, जरा मोठ्या अक्षरांत. हिने विचारले, खात्री कुणी केली? मी म्हणालो, मीच. ही फक्त ‘बाजारात तुरी’ एवढेच म्हणाली आणि आत गेली.

१० मार्च, सकाळ
तीन पिल्ले! राणी सुखरूप. पण तिघांचेही कान सरळ. धडधडीत फसवणूक. मेहुण्याला फोन करून बोक्याच्या घराण्याची चौकशी केली. तो भडकला.

संध्याकाळ
कन्या आठवीत आहे. ती म्हणाली, बाबा, सगळी पिल्ले सरळ कानांचीच जन्मतात, दुमडतात ते नंतर. मलाही माहीत होतेच. मेहुण्याची माफी मागायची आहे. सवडीने.

५ एप्रिल
दोघांचे कान दुमडले! सर्वांत धाकट्याचे तर असे की डोक्याला टोपीच. त्याचे नाव सम्राट. कन्या त्याला बाळ्या म्हणते. लाडाने मुले बिघडतात तशी नावेही.
तिसऱ्याचे कान सरळच राहिले. माल तपासणीत बाद. त्याला रिजेक्ट म्हणतो.

२४ एप्रिल
सम्राटाचे शेपूट आखूड, जाड, आणि वाकत नाही. राजलक्षण असावे. ही म्हणाली, कुत्र्याचे वाकडे ते वाकडेच हे ऐकले होते, मांजराचे सरळ ते सरळच हे पहिल्यांदा बघतेय, डॉक्टरांना दाखवा.
रिजेक्ट दिवसभर पडद्यांवर लटकतो. शिस्त नाही. सम्राट उडी मारत नाही, पळत नाही, पंजे बाहेर टाकून हळूहळू चालतो. ही चाल दरबारी आहे. राणीही मागचे पाय पुढे पसरून भिंतीला टेकून बसते. आईवर गेला आहे.
लसीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना शेपटीबद्दल बोललो नाही. त्यांनी पुन्हा बोक्याचे विचारले असते.

८ मे
वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पिल्लू निवडायला आल्या आणि त्यांनी रिजेक्टला उचलले! मी सम्राटाला पुढे केले. म्हणालो, हा कधीही ओट्यावर चढणार नाही, माझी गॅरंटी. त्यांनी त्याला काखेत धरून उचलले तर तो ओरडला. साधा नाही, कळवळून. त्यांनी लगेच खाली ठेवले आणि विचारले, याच्या पायांना काही आहे का? मी म्हणालो, लाजाळू आहे.
त्या रिकाम्या हाताने गेल्या. जेवण गेले नाही.

१२ मे
कन्येनेच बाळ्याला पिशवीत घातले आणि म्हणाली, चला. मी निमूट गेलो.
डॉक्टरीणबाईंनी शेपूट चाचपले, पंजे चाचपले, एक्स-रे काढला. मागच्या पायांची हाडे एकमेकांना धरू लागली आहेत. त्यांनी पुन्हा विचारले, बोका नक्की कसा होता? मी म्हणालो, आता नीटसे आठवत नाही. कन्या म्हणाली, त्याचेही दोन्ही कान दुमडलेले होते, माझ्याकडे फोटो आहे.
बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच म्हणाल्या, हे ठाऊक असते तर लसीच्या वेळीच पाय तपासले असते. इतके दिवस त्याला दुखत ठेवले नसते.
पूर्ण बरा होणार नाही. औषधाने दुखणे कमी राहील. राणीचेही मागचे पाय दुखतात, म्हणून ती तशी बसते. मी तिच्या त्या बसण्याचे फोटो साऱ्या ऑफिसला दाखवले होते.
लाज वाटते. कन्येकडे बघवत नाही.

१३ मे
कारखान्यात पंपाचे एक झाकण आले, बारीक तडा गेलेले. बादचा शिक्का हातात धरून बराच वेळ बसलो. झाकणाला काही दुखत नाही. मारला शेवटी.

१५ मे
राणीचे ऑपरेशन ठरवले. यापुढे पिल्ले नाहीत. मेहुण्याला फोन केला, घराण्यावरून बोललो त्याची माफी मागितली, बोक्याचेही करून घे म्हणालो. त्याने विचारले, हे असे होते हे तुम्हाला आधी माहीत होते का? गाडीचे, गॅरेजचे काहीतरी तोंडावर आले होते. हो म्हणालो. त्यावर तो, दाजी, ठेवतो, म्हणाला.

२५ मे
रिजेक्ट शिक्षिकाबाईंकडे गेला. जाताना त्यांच्या खांद्यावर चढून बसला. सरळ कान, लवचिक शेपूट. तिघांत धडधाकट तोच. दुमडलेल्या कानांचे दुसरे पिल्लूही पाय जपून टाकते, तेही आता घरीच राहणार.
कन्या इतके दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. आज म्हणाली, तुमची ती फळी द्या. बाळ्याला पलंगावर यायचे असते, येता येत नाही, म्हणून चढण करायची आहे. तिरकी लावली. बाळ्या निघाला आणि घसरला. ऑइलपेंट गुळगुळीत होता, मीच जादा हात मारायला लावला होता. मग तिने गोणपाट आणले आणि मी खिळे ठोकले. आधी शुद्ध झाकले गेले, मग खात्री, शेवटी माझे नाव.
बाळ्या अर्ध्यावर थांबला. दम खाल्ला. परत निघाला. वर आला आणि माझ्या मांडीला टेकला.
त्याला जवळ घ्यावेसे फार वाटले. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग कन्येला विचारले, याला दुखू न देता कसे उचलायचे?
तिने दाखवले.